सुपारी फुटायच्या आत बोला

(पत्र थोडं लहान केलंय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.)

"ताई, मी कोल्हापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४९. मिस्टर सैन्यातून रिटायर झालेत. मुलगा २७ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. गौरी-गणपतीला आला तेव्हा रात्री भांडी आवरताना मला म्हणाला, आई मी गे आहे, माझ्यासाठी मुलगी बघू नका. मी त्याला एवढंच बोलले की बाबांना सांगू नकोस. तेव्हापासून फोनवर 'जेवलास का' च्या पुढे बोलणं नाही. इकडे स्थळ आलंय, मुलगी डी.फार्म झालेली, पत्रिका जुळलीय, दिवाळीनंतर सुपारी फोडायची म्हणतायत. नणंदेजवळ मन मोकळं केलं तर ती म्हणते लग्न झालं की सगळं जागेवर येतं, आणि एक डॉक्टर आहेत ते इंजेक्शन आणि शॉक देऊन सहा महिन्यांत बरं करतात. ही फॉरेनची फॅडं आपल्याकडे नव्हती हो. मिस्टर बॉर्डरवर असायचे, मुलगा माझ्याच पदराला धरून वाढला, त्यामुळे झालं का हे? माझं काय चुकलं? लोकांना काय सांगू? असलं विचारतेय म्हणून माफ करा."

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडकले, 'बाबांना सांगू नकोस'. पोरगा इतकी वर्षं जे पोटात घेऊन फिरत होता ते त्याने तुमच्याजवळ बाहेर काढलं, भांडी आवरता आवरता, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यात बघावं लागणार नाही अशी वेळ धरून, आणि त्यावर त्याला मिळालं ते हे उत्तर. मी तुम्हाला दोष देत नाहीये, खरंच नाही, त्या क्षणी तुमच्या तोंडून भीती बोलली. पण त्याला ती भीती कळली नसणार, त्याला वाटलं असणार आईला माझी लाज वाटते. म्हणून बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी आज रात्री त्याला फोन करा. लांबलचक काही नको. 'त्या रात्री मी घाबरले होते, तू सांगितलंस ते बरं केलंस, तू माझा आहेस' एवढं म्हटलंत तरी पुरे, आणि रडू आलं तर येऊ दे. झोप लागते का विचारा, कुणाबरोबर राहतो, मनातलं बोलायला जवळ कुणी आहे का ते विचारा. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर ते हसण्यावारी नेऊ नका, १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, त्याला द्या आणि तुम्हाला स्वतःला रात्र रात्र झोप येत नसेल तर तुम्ही पण लावा.

आणि माफी कसली मागता. मराठीत वाचकाने असलं विचारावं आणि कुणीतरी त्याला नीट उत्तर द्यावं यासाठी माणसं कोर्टात उभी राहिलीत. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढायचे, त्यात लोकांच्या लैंगिक प्रश्नांना आडपडदा न ठेवता उत्तरं असायची, आणि अशाच काही उत्तरांवरून १९३४ साली मुंबईत त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. प्रश्न हस्तमैथुनाबद्दल होते, समलिंगी संबंधांबद्दल होते. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. ती केस हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण म्हणजे तुमच्या मुलासारख्या कुणाचं तरी पत्र ९० वर्षांपूर्वीही येत होतं, आणि ते कुणा परदेशी माणसाचं नव्हतं, इथल्याच माणसाचं होतं.

आता तुमचं 'माझं काय चुकलं'. हा प्रश्न तुम्हाला आपोआप पडलेला नाही ताई, तो आयांच्या डोक्यात घातला गेलाय आणि कुणी घातला तेही माहीत आहे. अमेरिकेत मनोविश्लेषणवाल्या डॉक्टरांची चलती होती त्या काळात, १९६२ साली, अर्व्हिंग बीबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठासून मांडलं की आई मुलाला फार जवळ ओढते, बाप लांब लांब राहतो, म्हणून मुलगा समलिंगी होतो. कशावरून ठरवलं? तर ट्रीटमेंटला आलेल्या पेशंटांवरून, म्हणजे जे आधीच त्रासात होते त्यांच्यावरून. वास्तविक त्याच्या ५ वर्षं आधी इव्हलिन हूकर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ३० समलिंगी आणि ३० इतर पुरुषांच्या चाचण्या घेऊन, कोण कुठला ते न सांगता तज्ज्ञांपुढे ठेवल्या होत्या आणि तज्ज्ञांना फरक ओळखता आला नव्हता. तरी घराघरात पोचलं ते बीबरचंच, कारण आईला दोष द्यायला कुणालाही सोपं जातं. शेवटी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचार डॉक्टरांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि १७ मे १९९० ला जागतिक आरोग्य संघटनेने काढली. तुमचा मुलगा जन्मला तेव्हा तो आजार उरलाच नव्हता.

आणि तुम्ही तुमच्याच भागाकडे बघा ना. सैनिक टाकळी आहे, साताऱ्याकडे अपशिंगे आहे, घरटी कुणीतरी फौजेत, बाप सुट्टीवर आला की लहान पोरं अनोळखी माणूस आला म्हणून आईच्या मागे लपायची. बाप लांब असल्याने असं होत असतं तर त्या सगळ्या घरांत झालं असतं. तसं झालेलं नाही. आणि बाप रोज संध्याकाळी सहाला घरी येतो अशा घरांतही गे मुलं जन्माला येतातच, लेस्बियन मुली जन्माला येतात. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही एकटीने मूल वाढवलंत आणि ते इतकं धीट झालं की आईला खरं सांगू शकलं.

तुमच्यासारखीच एक शिक्षिका होती, न्यूयॉर्कची, जीन मॅनफर्ड. १९७२ च्या एप्रिलमध्ये तिच्या मुलाला, मॉर्टीला, एका समलिंगी हक्कांच्या निदर्शनात बेदम मारहाण झाली आणि पोलीस नुसते बघत राहिले. ही बाई शांत, आपलं काम भलं आणि आपण भले असा स्वभाव. तिने पेपरला पत्र लिहिलं, त्यात सरळ लिहिलं की माझा मुलगा समलिंगी आहे आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे. तेव्हा हे नावानिशी छापून येणं म्हणजे काय असेल विचार करा, कितीतरी राज्यांत तो गुन्हा होता, सरकारी नोकरीतून तर १९५३ पासून अशा लोकांना शोधून शोधून काढत होते. जूनमध्ये ती मुलाबरोबर मोर्चात चालली, हातात पाटी घेऊन. रस्त्याच्या कडेने तरुण मुलं पळत आली, तिच्या गळ्यात पडून रडली, आमच्या आईशी पण बोला हो म्हणाली. पुढच्या मार्चमध्ये एका चर्चमध्ये अशा पालकांची पहिली बैठक झाली, जेमतेम वीसेक लोक. आज ती अमेरिकेतली मोठी संघटना आहे. तुम्ही पेपरात लिहा, पाटी धरा असं मी अजिबात म्हणत नाहीये, तुमच्या तालुक्याच्या गावात ते कसं असतं मला कळतं. मला एवढंच सांगायचंय की तुमच्या जागी याआधी आया उभ्या राहिल्यात.

'फॉरेनचं फॅड' याबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलते, कारण हे वाक्य तुम्हाला भावकीत शंभर वेळा ऐकायला लागणार आहे. फॉरेन म्हणजे काही एक गाव नाही. फ्रान्सने १७९१ लाच हा गुन्हा कायद्यातून काढून टाकला, आणि पलीकडे इंग्लंडमध्ये १५३३ च्या आठव्या हेन्रीच्या कायद्यापासून फाशी होती, शेवटची फाशी १८३५ ला दोघांना दिली. त्याच इंग्रजांनी १८६० ला आपल्याकडे दंडसंहिता आणली, कलम ३७७, 'निसर्गाच्या क्रमाविरुद्ध' संबंध म्हणून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. त्याआधी आपल्याकडे सगळं आलबेल होतं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. मनुस्मृतीत प्रायश्चित्त सांगितलंय, अंगावरच्या कपड्यांसकट स्नान, कौटिल्याने दंड सांगितलाय, आणि दुसरीकडे कामसूत्रात तृतीया प्रकृती म्हणून या लोकांबद्दल अख्खं प्रकरण आहे. म्हणजे माणसं होती, कुणी नाकं मुरडायचे, कुणी चालवून घ्यायचे, पण कुणाला जन्मभर तुरुंगात टाकत नव्हते. तुमच्याकडे यल्लम्माचे जोगते तुम्ही लहानपणापासून बघत असाल. (आता कुणीतरी म्हणेल मग हा पण जोगत्या होणार का, तर नाही, ती वेगळी गोष्ट आहे. आपण बाई आहोत असं आतून वाटणं वेगळं आणि पुरुष असून पुरुषावर प्रेम असणं वेगळं, तुमचा मुलगा पुरुषच आहे, हे नणंदेला पण नीट सांगा.)

गंमत वाटावी असं यात काही नाही पण युगांडातही अगदी हेच वाक्य बोलतात, हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आमच्या संस्कृतीत नाही. आणि ज्या कायद्याने तिथे हा गुन्हा ठरला तो मुळात इंग्रजांनीच तिथे नेलेला. २०२३ ला त्यांनी आणखी कडक कायदा केला, काही बाबतीत थेट मृत्युदंड. इंग्लंडने स्वतःकडे १९६७ ला प्रौढ पुरुषांच्या खासगी संबंधांपुरता तो गुन्हा काढून टाकला, आणि ज्यांना तो शिकवला त्यांच्यातले कितीतरी देश अजून तो आपली परंपरा म्हणून छातीशी धरून बसलेत. आपण २०१८ च्या ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने त्यातून सुटलो. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी. कुटुंबांची पण, ताई. म्हणजे तुमची. तुम्ही माझी माफी मागताय आणि सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती म्हणतायत की माफी तुमची मागायला हवी.

कायदा गेला तरी त्याने दीडशे वर्षांत जे केलं ते घरात राहतं. ३७७ खाली कोर्टातून शिक्षा झालेले तसे थोडेच, त्याचं खरं काम बाहेर चालायचं, कुणीतरी बागेत पकडायचं आणि म्हणायचं पैसे काढ नाहीतर घरी सांगतो. आजही अ‍ॅपवर ओळख काढून, भेटायला बोलावून, फोटो काढून मुलांना लुटतात, आणि ती मुलं तक्रार करत नाहीत कारण 'घरी कळेल'. म्हणजे त्या गुंडाचं सगळं भांडवल काय, तर तुम्ही आणि मिस्टर. ज्या दिवशी मुलाला कळतं की घरी माहितीये आणि तरी घर माझंच आहे, त्या दिवशी त्या गुंडाच्या हातात काही उरत नाही.

लोक काय म्हणतील ही भीती किती लांब जाते त्याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. हिटलरच्या छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या शर्टावर गुलाबी त्रिकोण शिवलेला असायचा. युद्ध संपलं, छावण्या उघडल्या, पण नाझींनी १९३५ ला कडक केलेलं कलम १७५ पश्चिम जर्मनीने १९६९ पर्यंत तसंच ठेवलं. त्यामुळे जे जगून वाचून परत आले त्यांना आपण कुठे होतो, कशासाठी होतो हे आईला, भावाला, शेजाऱ्याला सांगता येईना, सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. इतकं सोसून आलेली माणसं, आणि त्यांना तोंड दाबून जगावं लागलं.

आणि आपल्या मराठीचे प्राध्यापक रामचंद्र सिरस. नागपूरकडचे, कवी, अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये ते एका पुरुषाबरोबर असताना लोक कॅमेरे घेऊन त्यांच्या घरात घुसले, विद्यापीठाने त्यांना सस्पेंड केलं, त्यांना नाही ज्यांनी घर फोडलं. रिटायरमेंट काही महिन्यांवर होती. हायकोर्टाने सस्पेन्शनला स्थगिती दिली आणि त्यानंतर आठवड्याभरात ते घरात मृतावस्थेत सापडले. ६० च्या पुढचा माणूस. हे लिहिताना आत्ताही घशाशी येतं.

आता तो डॉक्टर. तिथे जाऊ नका, ताई. तुमच्या बाकी कशालाही 'बघू, विचार करू' म्हणेन पण याला नाही. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ट्युरिंग म्हणून गणितज्ञ होता, ज्याने दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडायला केवढी मदत केली, त्याला १९५२ ला याच गुन्ह्यात पकडलं आणि तुरुंग नको असेल तर हार्मोनची इंजेक्शनं घे म्हणाले. घेतली त्याने. त्याने तो काही 'सुधारला' नाही, दोन वर्षांत ४१ व्या वर्षी गेला. २००९ ला पंतप्रधानांनी माफी मागितली, आज त्यांच्या ५० पौंडाच्या नोटेवर त्याचा फोटो आहे. मिस्टर फौजी आहेत, त्यांना ही गोष्ट कळेल, देशासाठी लढलेल्या माणसाचं देशाने काय केलं. शॉक देणं, औषधं देणं, पळवून पळवून थकवणं, याने कुणी बदलत नाही, फक्त स्वतःचा तिरस्कार करायला शिकतो. मद्रास हायकोर्टाने २०२१ ला या असल्या ट्रीटमेंटवर बंदी घालायला सांगितलं, आणि त्यानंतर नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ ला कळवलं की असं करणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तन करतो. म्हणजे सहा महिन्यांत बरं करतो म्हणणाऱ्याविरुद्ध मेडिकल कौन्सिलकडे तक्रार होऊ शकते. (त्या केसमधल्या न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांचं मला फार कौतुक वाटतं, त्यांनी आधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसून हा विषय समजून घेतला, मग निकाल दिला.)

आणि लग्न. इथे मी माझ्या घरचं सांगते. माझ्या आत्तेभावाचं १९८७ ला लग्न झालं, घरातल्या दोघांना माहीत होतं, दोघं म्हणाले लग्न झालं की होईल सगळं नीट. वहिनी २१ वर्षांच्या होत्या. त्यानंतर मूल नाही म्हणून त्यांनाच डॉक्टरकडे नेलं, त्यांनाच उपास, त्यांनाच नवस, हळदीकुंकवाला त्यांनाच टोमणे. दादा वाईट माणूस नव्हता, तो अंगणात खाट टाकून झोपायचा आणि कुणाशी बोलायचा नाही, पुढे प्यायला लागला. तो गेल्यावर वहिनींना खरं कळलं, तेव्हा त्या मला म्हणाल्या, अगं मग मला एकदा कुणी सांगायचं ना, मी आयुष्यभर आरशात बघून विचार करत होते की माझ्यात काय कमी आहे. मी त्यावर काही बोलू शकले नाही. तुमच्या नणंदेला हे वाचून दाखवा हवं तर. समलिंगी माणसाचा तिरस्कार फक्त त्या माणसालाच चिरडतो असं नाही, तो एका परक्या घरच्या मुलीलाही सोबत घेऊन जातो, आणि तिचं नाव कुठल्याच इतिहासात येत नाही.

तेव्हा स्थळाला नाही सांगा. कारण द्यायची गरज नाही, 'मुलगा सध्या लग्नाला तयार नाही, आम्ही त्याला विचारायच्या आधी पुढे गेलो, आमची चूक' एवढं पुरतं. राग येईल त्यांना, येऊ दे.

मिस्टरांचं. त्यांना कधी सांगायचं, कोण सांगणार हे मुलाने ठरवायचं, ती त्याची गोष्ट आहे. नणंदेजवळ बोललात हे त्याला माहीत नसेल तर ते तुम्ही स्वतः त्याला सांगा, दुसरीकडून कळलं तर त्याचा विश्वास पुन्हा बसायला वेळ लागेल. आणि नणंदेकडून कबूल करून घ्या की ती अजून कुणाकडे बोलणार नाही. मिस्टरांना सांगायची वेळ येईल तेव्हा पाहुणे घरात असताना नको, सणाच्या दिवशी नको. ते आधी भडकतील, कदाचित महिनाभर बोलणार नाहीत, तुम्ही स्वतः किती दिवस गप्प होतात ते आठवा आणि त्यांनाही तेवढे दिवस द्या. पण हात उचलतील अशी शंका असेल तर मुलगा तेव्हा पुण्यातच असू दे, तुमचे एखादे समजूतदार दीर किंवा त्यांचा जुना फौजेतला दोस्त असेल तर त्याला जवळ ठेवा. मुंबईत 'स्वीकार' नावाचा अशाच आईवडिलांचा गट आहे, २०१७ पासून, त्यात मराठी घरंही आहेत, पुण्यात २००२ ला सुरू झालेल्या समपथिक ट्रस्टनेही यावर काम केलंय. मिस्टरांशी एखादा बापच बोलला तर तुमच्या-माझ्या दहा वाक्यांपेक्षा ते बरं.

म्हातारपणी त्याला कोण, ही काळजी तुम्ही लिहिली नाहीत पण ती असणारच. इथे मी खोटा दिलासा देणार नाही, आपल्याकडे अजून त्यांना कायद्याने लग्न करता येत नाही, २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ते संसदेवर सोडलं. नेपाळने त्याच वर्षी असं लग्न नोंदवलं, तैवानमध्ये २०१९ पासून आहे, थायलंडमध्ये २०२५ पासून. आपल्याकडे निदान २०२४ ला सरकारने स्पष्ट केलं की जोडीदाराबरोबर जॉइंट खातं काढता येतं, त्याला नॉमिनी करता येतं. छोटं आहे पण आहे. त्याच्या आयुष्यात आत्ता कुणी आहे का हेही तुम्ही विचारलेलं नाहीये. आज नको, पण कधीतरी विचारा. कुणाला सुनेबद्दल विचारतो तसं.

लोकांना काय सांगायचं, तर आत्ता काहीच नाही. लोकांना तुम्ही काही देणं लागत नाही. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं तर 'त्याचं तो बघेल, मोठा झालाय' म्हणा आणि डबा उघडा.

मुलीकडे फोन मात्र या रविवारच्या आत करा. ती डी.फार्म झालेली पोरगी पण कुणाच्या तरी पदराला धरूनच वाढलीय, आणि तिकडे आता हॉलची, साड्यांची बोलणी सुरू झाली असतील.